फोर्कलिफ्टच्या मागे कोण आहे?

1958 साली फ्रान्समधल्या आँसनी इथे मार्सेल ब्रो यांनी शेतीचा ट्रॅक्टर उलटा करून पाहिला. चालकाची बैठक आणि स्टिअरिंग फिरवले, मागची मोठी चाके पुढची मानली आणि त्या बाजूला माल उचलायचा मास्ट बसवला. मॅनिटू या नावाने पुढे जगभर गेलेली, खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट अशी तयार झाली. मोठी चाके चिखलातून निघत आणि इंजिनाचे वजन मागून मालाला तोल देई. युक्ती झकास होती, पण तिचा एक परिणाम अजून निस्तरावा लागतो आहे. ट्रॅक्टरवर डोळ्यांसमोर असलेले इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले आणि वळणारी चाकेही मागे गेली.

गोदामातली फोर्कलिफ्ट गुळगुळीत काँक्रीटवर, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या वाटांवरून फिरते. रफ टेरेन फोर्कलिफ्टचे जग वेगळे: बांधकामाची साइट, फळबाग, लाकडाची वखार, लष्कराचा तळ. वाट रोज बदलते, कधी नसतेच. या फोर्कलिफ्टचे मुख्य प्रकार दोन. एक सरळ उभ्या मास्टचा, ब्रो यांच्या यंत्राच्या थेट वंशातला. दुसरा टेलिहँडलर, ज्यात दुर्बिणीसारखा लांबणारा बूम असतो. जेसीबीने 1977 मध्ये लोडॉल बाजारात आणला तो या दुसऱ्या जातीचा. त्याच्या मॉडेल-क्रमांकातच ताकद लिहिलेली असते: 530-70 म्हणजे 3 टन माल, 7 मीटर उंची. टेलिहँडलरची केबिन डावीकडे, तिच्या उजव्या अंगाला बूम, आणि आजच्या बहुतेक रचनांत इंजिनही उजव्या बगलेत. म्हणजे उभ्या मास्टच्या मशीनला पाठीमागचे नीट दिसत नाही, तर टेलिहँडलरला उजवीकडचे आणि उजव्या मागच्या कोपऱ्यातले. ‘मागे एक कॅमेरा लावून टाका’ हा सल्ला मात्र दोघांना सारखाच दिला जातो. गल्लत तिथूनच सुरू होते.

आधी हे पाहू, की हे मशीन इतके मागे मागे का चालते. मोटार पार्क करताना रिव्हर्स लागतो; फोर्कलिफ्टचा निम्मा दिवस त्यातच जातो. विटांचा पॅलेट उचलला की मागे यायचे, वळायचे, जाऊन ठेवायचा, पुन्हा मागे. उंच मालाने समोरचे दिसेनासे झाले तर माल मागे ठेवून, म्हणजे उलट्या दिशेने गाडी चालवावी, असे अमेरिकेच्या ‘ओशा’ या सुरक्षा-यंत्रणेचे औद्योगिक ट्रकांबाबतचे नियमच सांगतात. 10 टक्क्यांहून अधिक चढ-उतार असेल तर भरलेल्या ट्रकचा माल चढाच्या बाजूला हवा, हाही त्यांतलाच नियम. तेव्हा उतारावरून भरली फोर्कलिफ्ट खाली आणायची ती उलटीच. थोडक्यात, मागे जाणे हा या कामातला अपवाद नाही, ते कामच आहे. त्यासाठी चालक दिवसभर कमरेतून आणि मानेतून पिळवटून बसतो. दुपारनंतर ती मान पूर्वीइतकी वळत नाही, हे कुणाही ऑपरेटरला विचारून पाहावे.

किती दिसत नाही, हे मोजण्याची एक सुरेख पद्धत आहे. माती-खोदकामाच्या यंत्रांसाठीचे आयएसओ 5006 हे मानक ती वापरते. टेलिहँडलरच्या दृश्यमानतेसाठी युरोपने ईएन 15830 हे वेगळे मानक केले आहे. मशीनभोवती जमिनीवर 12 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखायचे. चालकाच्या डोळ्यांच्या जागी दोन दिवे ठेवायचे. दिवे लागले की खांब, बूम, इंजिनाचे झाकण यांच्या सावल्या वर्तुळावर पडतात. सावली पडली तिथले चालकाला दिसत नाही. दूरच्या वर्तुळाखेरीज मशीनच्या कडेपासून 1 मीटर अंतरावरची चौकटही तपासतात, कारण माणूस चेंगरतो तो बहुधा जवळ असतानाच. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य-संशोधन संस्थेने बांधकामाच्या यंत्रांचे असे नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा जमिनीच्या पातळीबरोबरच 900 आणि 1500 मिलिमीटर उंचीवरच्या सावल्याही वेगळ्या दाखवल्या. उभा माणूस दिसतो आणि तोच बोल्ट घट्ट करायला खाली वाकला की नाहीसा होतो, हे त्या तीन नकाशांची तुलना केली की कळते. माझ्या मते कोणत्याही मशीनच्या खरेदीआधी हा नकाशा मागून घ्यावा. विक्रेता तो देऊ शकत नसेल, तर कॅमेरा कुठे लावायचा हेही त्याला माहीत नाही असे समजायला हरकत नाही.

कॅमेऱ्याच्या आधीचे उपाय तीन: आवाज, माणूस आणि आरसा. रिव्हर्समध्ये ‘बीप-बीप’ करणारा भोंगा जपानमधल्या यामागुची इलेक्ट्रिक कंपनीचा. 1963 मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. अमेरिकेच्या बांधकाम-नियमांत मागचे दिसत नसलेल्या वाहनाला दोनच पर्याय आहेत: भोवतालच्या गोंगाटातून ऐकू येईल असा रिव्हर्सचा भोंगा, किंवा इशारा करणारा माणूस. भोंग्याची अडचण अशी, की तो धोका चालकाला सांगतच नाही, पादचाऱ्याला सांगतो. साइटवर चार मशीन एकाच वेळी मागे येत असतील, तर नेमके कुठले आपल्याकडे येते आहे हे पादचाऱ्यालाही कळत नाही. आणि जे दिवसभर वाजते ते कानाआड जाते. हल्ली एका सुराच्या शिट्टीऐवजी विस्तृत पट्ट्यातला ‘खस्स-खस्स’ असा आवाज करणारे भोंगे मिळतात. त्यांची दिशा कानाला पटकन कळते आणि आवाज दूरवर त्रासही देत नाही. आपल्याकडच्या टेम्पोंना रिव्हर्समध्ये सिनेमाची धून वाजवायची हौस असते. ती ऐकून कुणी बाजूला होत असेल तर ते वैतागूनच.

इशारा करणारा माणूस म्हणजे आपला हेल्पर. ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स!’ म्हणत तो मागे उभा असतो आणि उभा असतो नेमका त्या सावलीत, जिथे तो चालकाला दिसत नाही. ज्याच्या भरवशावर गाडी मागे येते, गाडीखाली सापडण्याचा धोकाही त्यालाच सर्वाधिक. प्रशिक्षित सिग्नलमन आपली जागा राखून, चालकाच्या नजरेत राहूनच इशारा देतो. तो नजरेआड झाला की गाडी थांबवायची हा त्याच्या धड्यातला पहिला नियम. पण ऐनवेळी ‘जा रे, जरा मागे बघ’ म्हणून पाठवलेल्या पोराला हा धडा कुणी दिलेला नसतो. आरशांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बहिर्गोल आरसा टेलिहँडलरला फार उपयोगी आहे, स्वस्त आहे, आणि पहिल्याच आठवड्यात कशाला तरी घासून वाकडा होतो.

कॅमेऱ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा मोटारींतून येतो. अमेरिकेने 2014 मध्ये नियम केला आणि 1 मे 2018 पासून 10,000 पौंडांखालच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागचा 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब पट्टा त्यात दिसला पाहिजे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून 2 सेकंदांत चित्र आले पाहिजे. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात कॅमेऱ्यामुळे मागे घेतानाचे अपघात सुमारे 17 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. आकडा चांगलाच आहे, पण तो शंभरच्या जवळपासही नाही. न दिसणारा बहुतेक भाग कॅमेरा उघडा करतो, तरी अपघात एक षष्ठांशानेच घटतात. उरलेले कुठे जातात? पडद्यावर चित्र असते आणि त्या क्षणी चालक तिकडे पाहत नसतो. किंवा पाहतो, पण उशिरा.

या उशिराचे मोजमाप लंडनच्या निमित्ताने झाले. जड ट्रकांखाली सायकलस्वार आणि पादचारी सापडू लागले, तेव्हा तिथल्या वाहतूक-प्राधिकरणासाठी लीड्स विद्यापीठाने प्रयोग केले. काचेतून थेट दिसणाऱ्या माणसापेक्षा आरशात किंवा पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला पाहून थांबायला चालक सुमारे 0.7 सेकंद अधिक घेतात, असे दिसले. साइटवर ताशी 10 किलोमीटरने मागे येणारी फोर्कलिफ्ट तेवढ्यात जवळजवळ 2 मीटर सरकते. लंडनने यातून धडा घेऊन 12 टनांवरच्या ट्रकांना थेट दृष्टीनुसार तारांकन दिले आणि 2021 पासून त्याची अंमलबजावणी केली. ज्यांच्या केबिनमधून पुरेसे थेट दिसत नाही, त्यांनाच कॅमेरे आणि संवेदक लावून भरपाई करावी लागते. हा क्रम फोर्कलिफ्टच्या जगातही घ्यावा असे मला वाटते. आधी केबिन, काच, इंजिनाचे झाकण, कॅमेरा त्यानंतर. ब्रिटनच्या 1998 च्या कामाच्या साधनांबाबतच्या नियमांत हेच तत्त्व आहे: थेट दृष्टी अपुरी असेल तिथे ती सुधारणारी साधने द्या.

मोटारीचा कॅमेरा जसाच्या तसा उचलून या मशीनला लावला की काय होते, ते आता पाहू; या आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या लेखी हाच. मोटारीचा कॅमेरा रिव्हर्स गिअर टाकल्यावर जागा होतो. पण मागच्या चाकांनी वळणाऱ्या फोर्कलिफ्टची शेपटी पुढे जातानाही बाहेर फेकली जाते. चालक पुढे बघत डावीकडे वळतो तेव्हा काउंटरवेटचा, म्हणजे मालाला तोल देणाऱ्या मागच्या वजनाचा, कोपरा उजवीकडे झाडत जातो. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये उभा असलेला माणूस चेंगरतो तो अशा वेळी, गाडी पुढच्या गिअरमध्ये असताना. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीवर जोडलेला कॅमेरा तेव्हा झोपलेला असतो. म्हणून या मशीनवर पडदा कायम चालू हवा, किंवा निदान स्टिअरिंग ठरावीक कोनापलीकडे वळले की चित्र आपोआप यायला हवे.

टेलिहँडलरचा घोळ आणखी निराळा. त्याला तीन प्रकारे वळता येते: फक्त पुढच्या चाकांनी, चारही चाकांनी, आणि चारही चाके एकाच दिशेला वळवून खेकड्यासारखे तिरपे. मोटारीच्या पडद्यावर गाडी कुठे जाईल हे दाखवणाऱ्या रंगीत रेषा असतात. स्थिर रेषा एकाच वळण-पद्धतीसाठी बरोबर असू शकतात. चालकाने तिरप्या चालीचे बटण दाबले की त्या रेषा त्याला सरळ फसवतात. पडद्यावर रेषा नसलेल्या बऱ्या. लावायच्याच तर स्टिअरिंगच्या पद्धतीशी जोडलेल्या लावाव्यात, नाहीतर फक्त 1 मीटर अंतर दाखवणारी एक आडवी खूण पुरे.

पडदा कुठे लावायचा यावरही मतभेद आहेत. तो समोर डॅशबोर्डवर लावला तर चालक मागे जाताना पुढे बघत बसतो. मान वाचते, पण काचेतून जे थेट दिसले असते तेही हरवते. मागच्या खांबाजवळ लावला तर मान थोडी वळवावी लागते, मात्र एकाच नजरेत काच आणि पडदा दोन्ही येतात. उभ्या मास्टच्या मशीनसाठी मी दुसऱ्या जागेच्या बाजूचा आहे. टेलिहँडलरला मात्र पडदा उजव्या पुढच्या कोपऱ्यात हवा, बूमने अडवलेल्या दिशेला, कारण चालक तिकडे तसाही बघणारच असतो.

चित्राच्या आकाराचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. कॅमेऱ्याचा उभा कोन साधारण 90 अंश आणि पडदा 7 इंची धरला, तर 6 मीटरवर उभा असलेला माणूस पडद्यावर जेमतेम दीड सेंटिमीटरचा दिसतो. वाकलेला असेल तर त्याच्या निम्मा. रुंद कोनाचे भिंग कोपरे उघडे करते, पण त्याच वेळी सगळे लांब गेल्यासारखे दाखवते, आणि अंतराचा अंदाज चुकतो. दुपारच्या उन्हात पडद्याची चमक कमी पडते, रात्री भिंगाजवळच्या अवरक्त दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवरूनच परत येतो. बिनतारी कॅमेरा लावायला सोपा, म्हणून भाड्याच्या मशीनवर त्याला मागणी असते. पण चित्र मध्येच गोठले तर चालकाला ते लवकर कळत नाही, आणि थिजलेले रिकामे चित्र कोऱ्या पडद्याहून घातक. निदान कोरा पडदा खोटे बोलत नाही.

मग चिखल. कॅमेऱ्याच्या पेटीवर आयपी 69 के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ तो 80 अंश सेल्सिअसच्या पाण्याचा 80 ते 100 बार दाबाचा फवारा सहन करतो. म्हणजे पाणी आत जात नाही, एवढेच. भिंगावर बसलेला मुरमाचा थर त्या अक्षरांनी निघत नाही. कॅमेरा खाली लावला तर चाकांचा चिखल थेट त्याच्यावर, वर लावला तर मशीनला अगदी लगटून उभा असलेला माणूस चित्राच्या खालच्या कडेबाहेर. बहुतेक मशीनवर इंजिनाच्या झाकणाच्या वरच्या मागच्या कडेला, किंचित खाली झुकवून, छोट्या छज्ज्याखाली लावलेला कॅमेरा बरा चालतो.

चालक पडद्याकडे पाहत नसेल तर त्याला पाहायला लावणारे काहीतरी हवे, या विचारातून संवेदक आले. अल्ट्रासोनिक संवेदकांचा पल्ला थोडा आणि चिखलाने ते बहिरे होतात. रडारला धूळ-पाऊस अडवत नाही, पण खडीचा ढीग, झुडूप आणि माणूस यांत त्याला फारसा फरक वाटत नाही. उंचसखल जमिनीवर तो जमिनीलाच पाहून ओरडतो. खाणीतल्या डंपरांवर आणि बांधकामाच्या ट्रकांवर नायॉशच्या संशोधकांनी ही साधने तपासली, तेव्हा कल निघाला तो जोडीच्या बाजूने: संवेदकाने सावध करायचे, कॅमेऱ्याने शहानिशा करायची. अलीकडे चित्रातून माणसाचा आकार ओळखणारे कॅमेरे आले आहेत. फ्रान्सच्या आर्क्यूर कंपनीचा ब्लॅक्सटेअर त्यांतला एक. ढिगाला सोडून माणसालाच पाहून इशारा देणे ही खरी प्रगती आहे. लंडनच्या नव्या नियमांतही संवेदकांनी रस्त्याकडेचे खांब आणि उभी वाहने पाहून वाजू नये अशी अट आहे. खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला चालक वायर उपटतो, हे नियम करणाऱ्यांना आता कळले आहे म्हणायचे. गोदामात फोर्कलिफ्टमागे जमिनीवर पडणारा निळ्या दिव्याचा ठिपका मात्र उघड्या उन्हात निरुपयोगी.

भारतात कायद्याची स्थिती थोडी विचित्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बांधकाम-उपकरण वाहनाच्या व्याख्येत फोर्कलिफ्ट ट्रकचे नाव स्पष्ट आहे. त्या वर्गासाठी एआयएस 160 हे सुरक्षा-मानक दोन टप्प्यांत, एप्रिल 2021 पासून, लागू झाले. त्यात चालकाच्या दृष्टिक्षेत्राची आणि ऐकू येणाऱ्या इशाऱ्याची अपेक्षा आहे. पण रस्त्यावर कधी येतच नाही अशा मशीनचा आरटीओशी संबंध येत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचे ते कारखाने आणि बांधकाम-कामगारांच्या कायद्यांनी, जे आता 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेत सामावले आहेत. 1998 च्या बांधकाम-कामगार नियमांत रिव्हर्सच्या भोंग्याची अपेक्षा होती. आवाजावरचा तो जुना भरवसा आपल्याकडे अजून पक्का आहे.

शिवाय आपल्या साइटवर टेलिहँडलर अजून तुरळकच दिसतो. तेच काम महाराष्ट्रात बहुधा हायड्रा करतो, उचलून चालणारी क्रेन. तिच्या जुन्या रचनेत बूम चालकाच्या डोळ्यांसमोरच आडवा येतो, म्हणजे तिथे पुढचेच दिसत नाही. काही उत्पादकांनी केबिन पुढे आणून नवी रचना केली आहे. कॅमेरे लावत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सरस, आणि तो आपल्याच कारखान्यांत झाला आहे.

एका आकड्याने मात्र या साऱ्या चर्चेला तिची जागा दाखवावी लागते. 1980 ते 1994 या काळातल्या अमेरिकेतल्या फोर्कलिफ्टशी संबंधित 1,021 मृत्यूंचा हिशेब नायॉशने मांडला, सगळ्या जातींच्या फोर्कलिफ्टचा. गाडी उलटून 22 टक्के, पायी चालणाऱ्याला धडक बसून 20 टक्के, गाडीखाली किंवा गाडीमुळे चिरडून 16 टक्के, फोर्कलिफ्टवरून पडून 9 टक्के. खडबडीत, उताराच्या जमिनीवर उलटण्याचा धोका अर्थातच मोठा. तिथे जीव वाचवतो तो सीटबेल्ट आणि छपराची भक्कम चौकट. मागच्या कॅमेऱ्याचा त्यात काही वाटा नाही. ज्या मालकाने कॅमेरा लावला आणि ऑपरेटरला बेल्ट न लावता चालू दिले, त्याने पैसे चुकीच्या टोकाला घातले.

धडकेच्या त्या 20 टक्क्यांतही कॅमेऱ्याहून जुना आणि स्वस्त उपाय आहे: माणसांची वाट आणि मशीनची वाट वेगळी करणे. बांबू आणि जाळी लावून ती करता येते. पण साइट रोज बदलते, वाट हलते, जाळी हलवायला कुणी नसते, म्हणून मग कॅमेरा. तो घ्यायचाच, तर भाड्याच्या करारात दोन ओळी वाढवून घ्याव्यात. पहिली: सकाळी मशीन सुरू करताना तेल, टायर आणि ब्रेकबरोबर भिंग पुसणे आणि मशीनमागे एक माणूस उभा करून तो पडद्यावर कुठपर्यंत दिसतो ते पाहणे ऑपरेटरच्या तपासणीत असेल. दुसरी: पडदा बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत मशीन सिग्नलमनशिवाय चालणार नाही, आणि त्या सिग्नलमनचा रोज मशीनमालक देईल. दुसऱ्या ओळीवर ठेकेदार घासाघीस करतील. करू द्यावी, पण ती ओळ खोडू देऊ नये.